थंड खोलीतली पेटी

तीर्थरूप काका,

ताजी खबर अशी, की तुमच्या फुलांच्या दुकानातली आमच्या कंपनीची पेटी पुन्हा सुरू झाली आहे. नियंत्रण कक्षातल्या बाईंनी पडदा दोनदा पुसून खात्री करून घेतली. तुम्हाला आणि काकूला वाकून नमस्कार. (खरंच वाकले आहे, टेबलाखालच्या वायरी तपासतेय.) तुमची कंबर कशी आहे? हे फोनवरच विचारलं असतं, पण फोन अजून मधूनच मुके होताहेत आणि त्याला कारण तुमची पुतणी, म्हणून पत्र कंपनीच्या व्हॅनच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय.

मुळापासून सांगते. पूर्वी टेलिफोन कंपनीत प्रत्येक कामाला कपाटाएवढं वेगळं यंत्र असे: फोन जोडणारं एक, गिऱ्हाइकाची ओळख पटवणारं दुसरं. आता त्यांचे नुसते प्रोग्रॅम झाले आहेत. ते साध्या कॉम्प्युटरच्या पेटीत राहतात आणि एकीत जमेना की बिऱ्हाड उचलून दुसरीत जातात. अशा पेट्या आम्ही लोकांच्या जवळ, मिळेल त्या कोपऱ्यात ठेवल्या आहेत: दातांच्या डॉक्टरांच्या माळ्यावर, पोहण्याच्या तलावाच्या पंपघरात आणि (माझ्याच शिफारशीने) तुमच्या दुकानामागच्या खोलीत. कोणी कुठे राहायचं, हा नियम मी लिहिला. नियम सोपा: जिथे पेटी गार, तिथे जा. 'गर्दी करू नका' हे लिहायचं राहिलं. सगळ्या पेट्या सारख्याच तापतात, मग गर्दी होईलच कशाला?

तुम्ही माझ्या हिशोबात नव्हतात. 'बिचारी तापलीय, धापा टाकतेय,' म्हणत काकूने तुम्हाला कामाला लावलं (हे मला काल कळलं) आणि तुम्ही पेटी ट्रॉलीवर घालून थेट थंड खोलीत, गुलाबांच्या बादल्यांमध्ये नेऊन ठेवलीत. वीज गेल्यावर तिला चालू ठेवणारी बॅटरी मागेच राहिली. ती बहुधा धापा टाकत नव्हती. झालं! डॉक्टरांकडची, पंपघरातली बिऱ्हाडं एकेक करत तुमच्याकडे आली. एवढी गर्दी होऊनही पडद्यावर तुमची पेटी इतकी गार दिसे की साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणत, "बघा, याला म्हणतात जागा!" मी मान खाली घालून कौतुक पदरात घेत होते.

मग काल काकूने थंड खोली धुवायला काढली आणि शॉक नको म्हणून प्लग उपटून ठेवला. अख्ख्या भागातले फोन एका दमात गप्प. आमची बिऱ्हाडं जीव मुठीत घेऊन डॉक्टरांकडे पळाली. ती पेटी तापली म्हणून पंपघराकडे. तीही तापली म्हणून परत डॉक्टरांकडे. पेटीच्या पंख्यांची घरघर ऐकून, कुणाची तरी दाढ अर्धी सोडून डॉक्टर माळ्यावर आले आणि आमच्या माणसाला म्हणाले, "अहो, इथे विमान उतरतंय का?" शेवटी लादी वाळल्यावर काकूने प्लग लावला. तिला फोन लागला तेव्हा तिचं पहिलं वाक्य: "अगं, तुमचे फोन बंद होते की काय? सकाळपासून एक ऑर्डर नाही!"

आता साहेब उद्या जागा बघायला येणार आहेत. पेटी गुलाबांत सापडली, तर नियम लिहायचं काम माझ्याकडे राहत नाही. तेव्हा हात जोडून सांगते, आजच्या आज ती मागच्या खोलीत न्या. ड्रायव्हर हात लावेल. तुम्ही कंबर सांभाळा.

तुमची पुतणी

ता. क. नियमात 'गर्दी करू नका' घातलं आहे.

आणखी ता. क. पेटी हलवू नका! पाकीट चिकटवणार तोच कळलं, साहेब मागे उभे राहून सगळं वाचत होते. रागावले नाहीत. म्हणाले, "काकांना विचार, गुलाब जरा सरकवले तर बाकीच्या दोन पेट्याही तिथेच मावतील का?" सगळं एका ठिकाणी नको, असं मी दोनदा समजावलं. ते म्हणाले, "पण गार आहे ना?" तेव्हा काका, नाही म्हणायचं काम आता तुमच्याकडे. उद्या दुकान उघडताच ते मोजपट्टी घेऊन हजर होतील. स्वेटर घालून या, असं मी सांगितलंय.