बारवेची कोळंबी

२६ मार्च १९९५
दुष्काळी माण तालुक्यात बदली झाली म्हटल्यावर सांगलीत सगळ्यांनी असे चेहरे केले होते, की मी जणू स्मशानातच बिऱ्हाड हलवतोय. त्यांनी आज हे घर बघायला हवं होतं. ऐसपैस माजघर, जाड दगडी भिंती, बाहेर रणरणतं ऊन आणि आत गारवा. मालकीण बयाबाई शेजारीच राहतात. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मी इथला नवा जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे माझ्याशी गोड बोलणं त्यांना भाग आहे.

सांगलीच्या घरमालकाने ‘स्लॅब खचेल’ म्हणून काचेची पेटी कधी ठेवू दिली नाही. इथे खाली फरशी नि तिच्याखाली खडक. आता कोळंबी पाळायला अर्धं पाणी, अर्धी जमीन अशी झकास पेटी करणार. परदेशी मासिकात तिला पॅल्युडेरियम म्हणतात. सुहासिनी म्हणते, सवतीला अखेर जागा मिळाली म्हणायची.

४ एप्रिल
पेटी उभी राहिली. काचा सांगलीहून गवताच्या पेंढ्यांत बांधून आणल्या, एकीलाही चरा नाही. एका बाजूला काळ्या दगडांची चढण, वर मुरूम नि माती, खाली धुतलेली वाळू.

गावाला मात्र पोटशूळ उठलाय. टँकर दिवसाआड येतो. जोतीराम नावाचा एक आडदांड गडी रांगेत सुहासिनीला ऐकू जाईल असं म्हणाला, की हितं पोरांची तोंडं कोरडी नि डॉक्टर किड्यास्नी पाणी पाजनार. मूर्ख लेकाचा. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग असतं, त्यात कोळंबी तासभरसुद्धा जगत नाही. मला ते फुकट दिलं तरी नको.

९ एप्रिल
गावाबाहेर जुनी बारव आहे. तळाशी गुडघाभर पाणी, आणि इतकी टंचाई असून कुणी शिवत नाही. भिंतीला हंसराजाचे नेचे लोंबतायत, पायऱ्यांवर मखमलीसारखं शेवाळ, आणि पाण्यात नखाएवढी पारदर्शक कोळंबी! आयतं घबाड. बयाबाई सोबत आल्या, पण निम्म्या पायऱ्यांवरच थांबल्या. तिथूनच म्हणाल्या, “आवं डॉक्टर, पैली घागर परत वता, मग काय न्यायचं ते न्या. देऊन घ्यावं लागतं हिच्याकडनं.”

मला हसू आलं. ज्या पाण्यात कोळंबी वाढली, त्याचा थेंब न्‌ थेंब नव्या पेटीत जायला हवा. त्यातल्या न दिसणाऱ्या जंतूंवरच सगळी मदार असते. पाणी, कोळंबी, शेवाळ, हंसराज, सगळं पेटीसाठी उचललं, एक थेंबही परत ओतला नाही. बयाबाई तशाच पायऱ्या चढून परत गेल्या.

१७ एप्रिल
पेटी अशी जमलीय, की खुर्ची सोडवत नाही. हंसराजाला नवी पालवी फुटलीय. कोळंबी कात टाकते, ती अख्खी तशीच वाळूवर पडलेली दिसते, मिशांसकट. सुहासिनीने पाण्यात हात घातला की सगळ्या तिच्या बोटांवर येऊन बसतात आणि कातडी कोरत राहतात. तिला मजा वाटते. दुपारभर ती तिथेच असते.

२४ एप्रिल
हिशोब जुळत नाही. या उन्हात पेटीतलं पाणी आटायला हवं. ते वाढतंय. आणि माठ मात्र सकाळी भरला की दुपारी रिकामा, कारण सुहासिनीची तहान भागत नाही. ओठ फुटलेत. दहिवडीचे डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलंय, मीठसाखरेचं पाणी द्या.

गाव एकाएकी गोड झालंय. बयाबाई भाकरी आणून देतात. जोतीरामने रामराम घातला. बारवेला पाणी चढलंय म्हणे, गोडं, आणि बायका आता तिथूनच भरतात. मला हे अजिबात आवडलेलं नाही.

३० एप्रिल
आज पेटीच्या वाळूवर एक कात सापडली. पाच बोटांची. नखांसकट.

सुहासिनीचा हात खिडकीशी धरला. उजेड आरपार आला. मी जन्मभर कातडी हाताळलीय, मला कुणी शिकवू नये. मला भीती वाटतेय.

१ मे
पाणी, शेवाळ, कोळंबी, सगळं कॅनमध्ये भरून बारवेवर नेलं. पायऱ्यांवर माणसं बसली होती. जोतीरामने कॅनवर हात ठेवला. अगदी नरमाईने. म्हणाला, “न्हाई डॉक्टर. आता हिची तहान तुमच्यात बसलीया. हितं आनायची न्हाई.” पाणी निम्म्या पायऱ्यांच्या वर आलं होतं.

घरी येऊन सगळं परत पेटीत ओतलं आणि बयाबाईंवर ओरडलो. त्या धान्य पाखडत होत्या, थांबल्याही नाहीत. “सांगितलं न्हवतं व्हय? गेल्या दुष्काळात बारवंचं माझ्या सुनंवर भागलं. तवा कोन आलं व्हतं आमच्याकडं?”

२ मे
तिला सांगलीला न्यायचं. स्कूटरचे दोन्ही टायर फाडलेले. एसटीला हात केला, जोतीरामने नुसती मान हलवली आणि गाडी थांबली नाही. तिला पाठीवर घेऊन निघालो — वजनच नाही तिला — वेशीपाशी बायका ओळीने उभ्या. कुणी शिवी दिली नाही. वाट दिली नाही.

पेटीपासून दूर गेलं की तिचा श्वास अडकतो. परत आलो.

३ मे
वरवंटा घेतला, पेटी फोडायला. एक घाव. काचेला चीर गेली, आणि तिच्या तळहातालाही. रक्त नाही. पाणी.

चीर मेणाने बुजवली. दोन्ही.
पापणी लवत नाही तिची. माझ्याकडे बघते, पण —

५ मे, सकाळ
खाटेवर कात. पूर्ण. केसांसकट, मंगळसूत्रासकट. उचलली तर सुपलीएवढंही वजन नाही.

पेटीत एक नवी आहे. इतरांपेक्षा मोठी. मी सुहास म्हटलं की काचेशी येते. दुसरं कुणी असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

५ मे, दुपार
बारव काठोकाठ. गावात हलगी वाजतेय. हरामखोर.

वीज गेली. पेटीचा हवेचा पंप बंद. पाणी तापलंय, सगळ्या वर येऊन तडफडतायत — तीसुद्धा. बयाबाईंच्या दारावर धडका दिल्या, जोतीरामच्या पाया पडलो. कुणी आलं नाही. त्यांचं काम झालंय.

पंपाची नळी तोंडात धरून फुंकतोय. फुंकलं की ती सरळ होते. थांबलो की कलंडते. इथे लिहिण्यापुरती नळी काढली तर —

कुणाला हे सापडलं तर वीज आणा, आधी वीज —

छाती भरून आलीय. वीज नाही. परत कलंडली. सुहास, थांब, आलो, फुंकतो, हा बघ, मी —