तक्रार क्रमांक सात

३ मार्च

चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. फोनपेक्षा पत्रच बरं. हल्ली फोनवर सगळे पुटपुटतात.

इमारतीच्या शांतता समितीचा अध्यक्ष होऊन मला दोन महिने झाले, आणि कळवायला आनंद वाटतो की चौदाही घरं सुतासारखी सरळ झाली आहेत. पाण्याच्या मोटरखाली जाड रबर घातलं. सगळ्यांच्या खुर्च्यांच्या पायांना लोकरी नमद्याचे तुकडे डकवले. तळमजल्यावरच्या सुताराला रंध्याचं मशीन चालवायला दहा ते एक अशी वेळ बांधून दिली, आणि पठ्ठ्या एकनंतर त्याला हातसुद्धा लावत नाही. तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रंही भुंकायचं थांबलं. परवा जिन्यात भेटलं, तर माझ्याकडे बघून नुसतं तोंड उघडलं आणि मिटलं. नीट समजावलं की प्राण्यांनाही कळतं.

एकच तक्रार उरली होती, क्रमांक सात. कुणीतरी निनावी कळवलं की संध्याकाळी एका घरातला टीव्ही फाटकापर्यंत ऐकू येतो. मी चार संध्याकाळी स्वतःच्या दारात खुर्ची टाकून पाहणी केली. मागे आपला टीव्ही बारीक आवाजात चालू होता, बाकी काही नाही. तक्रार खोडसाळ ठरवून निकालात काढली.

सुट्टीत नातीला आठ दिवस पाठव. गेल्या खेपेला किती शहाण्यासारखी राहिली. घरात मूल आहे हे कळलंसुद्धा नाही.

लोभ असू द्यावा, आवाज नको.

तुझे बाबा


१२ मार्च

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कुत्र्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो, मग मी हसायची थांबले. बाबा, भुंकायचं नसेल तर कुत्रं तोंड कशाला उघडेल? तुम्ही घरात असता आणि फोन वाजून वाजून बंद पडतो. बत्तीस वर्षं गिरणीच्या विणाई खात्यात काढलीत. कानांनी कधीतरी हिशेब मागायचाच. एकदा डॉक्टरांना दाखवा. माझं एवढं ऐका.

आणखी एक. यंदा तुमची नात तुमच्याकडे यायचं नाही म्हणते. कारण विचारलं की गप्प बसते. काही झालं होतं का?

अध्यक्षांनी राग मानू नये, माया आहे तशीच ठेवावी.

तुमची बेबी


१८ मार्च

चि. सौ. बेबीस आशीर्वाद, वि. वि.

माझे कान शाबूत आहेत. विणाई खात्यात दोनशे माग धडधडत असायचे आणि तरी आम्ही आठ तास गप्पा मारायचो, एकमेकांच्या ओठांवरून. आजही समोरच्याचे ओठ दिसले की माझा एक शब्द चुकत नाही. बहिऱ्याला हे जमेल का? फोनला ओठ नसतात, हा फोनचा दोष.

नातीचं वाचून मात्र ताटावरून उठलो. मी तिला रागावलो नव्हतो गं. तिचे रंग कपाटात तसेच जपून ठेवले आहेत. खालच्या मावशींना विचार, मी तिच्यावर कधी आवाज चढवला का ते.

बाकी क्षेम.

बाबा


२७ मार्च

चि. सौ. बेबीला खालच्या मावशीचे आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहिते. आपण होऊन सांगायचा धीर झाला नाही.

गेल्या सुट्टीत एका दुपारी पोर न्हाणीघरात गेली आणि आतली कडी अडकली. बाबा बाहेरच्या खोलीत दाराकडे पाठ करून शब्दकोडं सोडवत होते. ती अर्धा तास हाका मारत होती. मलाही कळलं नाही, कारण माझं शिवणयंत्र चालू होतं. दोरा तुटला, यंत्र थांबलं, तेव्हा वरून रडणं ऐकू आलं. सुताराला घेऊन धावले, बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं, त्याने न्हाणीघराची कडी उचकटली. बाबांनी वळून आम्हाला पाहिलं आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. पोरीने त्यांच्याकडे एकदा बघितलं, बोलली काहीच नाही. त्यांना लागेल म्हणून मीही गप्प बसले. कडी सैल झाली होती एवढंच सांगितलं. चुकलंच माझं.

तक्रार क्रमांक सात माझी. टीव्ही त्यांचाच. सुतार रंधा दिवसभर चालवतो, ते येताना दिसले की बंद करतो. त्यांचं मन मोडवत नाही कुणाला. मोटर मात्र खरंच शांत झाली, ते श्रेय त्यांचं.

मावशीला वाईट म्हणू नकोस.


२ एप्रिल

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

मावशींचं पत्र सोबत जोडलं आहे. ते आधी वाचा.

तुमच्या नातीला वाटतं, आजोबांनी ऐकलं आणि उठले नाहीत. तुम्हाला कमी ऐकू येतं असं मी सांगून पाहिलं. ती म्हणते, खोटं. आजोबा माझ्याशी नीट बोलतात. मला तुमचा राग नाही बाबा, भीती वाटते. कानाला यंत्र बसेपर्यंत तिला पाठवणार नाही.

बेबी


१४ एप्रिल

चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मावशींना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही कानांत यंत्रं बसली. फाटकातून आत शिरलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि रंधा चालू होता. कुत्र्याने दोन महिन्यांचं ऐकवून घेतलं. घरी टीव्ही नेहमीच्या आकड्यावर लावला आणि दचकून भिंतीला टेकलो. तक्रार क्रमांक सात पुन्हा उघडली, दोषी म्हणून अध्यक्षांचं घर लिहिलं आणि सही केली. राजीनामाही दिला. समितीने तो एकमताने फेटाळला. म्हणे आता खऱ्या कामाला लागा.

मग चाचणी घेतली. मावशींना न्हाणीघरात बसून रडायची विनंती केली, त्या म्हणाल्या की हे वय आहे का माझं. शेवटी सुतार आत गेला. मी पाठ करून शब्दकोडं घेऊन बसलो. त्या सहा फुटी माणसाने बारीक आवाजात आजोबा अशी हाक मारली. पहिल्याच हाकेला मी उठलो. माझी पोर अर्धा तास हीच हाक मारत होती, बेबी.

न्हाणीघराची कडी मी काढून टाकली आहे. तिला पाठवायचं की नाही, तू ठरव. तिला एवढंच सांग, आजोबांना ऐकू आलं नव्हतं. यंत्राचा फोटो सोबत आहे, तो दाखव.

तुम्हा तिघांचा लोभ राहावा, ही विनंती.

बाबा


२१ एप्रिल

प्रिय आजोबा, नमस्कार.

यंत्राचा फोटो बघितला. मी येते. पण कडी परत लावा, मी आता आठ वर्षांची आहे. मी आत गेले की गाणं म्हणेन. अगदी हळू म्हणेन. कोणतं गाणं ते बाहेर आल्यावर विचारीन.

तुमची नात