माठाचा घाम

रत्नागिरी, मे १९७६

तीर्थरूप बाबाले अंजनाचा मनापासून जयभीम.

आमी इथं मजेत हाओ. मले सासरी सोडाले येताना तुमी आपल्या केनवडपासून मांडीवर घेऊन आणलेला माठ सुखरूप हाये. त्यात पाणी गार होत नाही असं मी लिवलं म्हणून तुमी पुंजाजी कुंभाराशी भांडले, असं मायनं कळवलं. त्याले घरी बोलावून चहा पाजा. खोट माठात नाही, इथल्या हवेत हाये.

यायनं, तुमच्या जावयानं, मले समजावून सांगतलं. माठ पाझरते अन् ते पाणी वाळते, तवा आतलं गार होते. इथं समुद्रामुळं हवाच वली, मंग वाळन कसं? तरी त्या कोमट पाण्याले आपल्या मातीची चव हाये. मले दुसरं गोड लागत नाही.

माहा घामही वाळत नाही. तो पाहून शेजारीण म्हणते, "दमलीस गो, बस जरा."

तुमचा गुडघा कसा हाये? आपल्याकडची कोरडी हवा घाम दिसूच देत नाही. तुमी दिवसभर उन्हात राबून कोरड्या अंगानं घरी येत, अन् मले वाटे, माहा बाप थकतच नाही. तुमाले 'बसा' म्हणायचं आमाले कधी सुचलंच नाही.

आता म्हणते. बसा जरा, बाबा.

तुमची लाडाची,
अंजना