कुलपातले सेल बदलले

धाकट्या,

दाराच्या कुलपाचा लाल दिवा लागलाय असं शेजारच्या काकूंनी कळवलं, म्हणून सेल घेऊन आले. माझं बोट चाललं नाही. काकूंचं चाललं! त्या म्हणाल्या, "सुतारकामानं ठसे झिजले गं तुझे." मी हो म्हटलं. दुकानाचं असलंच कुलूप सकाळी याच बोटानं उघडलं होतं.

उघडण्यापुरतीच वीज खाणारं कुलूप मिळावं म्हणून मी बाजार पालथा घातला. ते बसवायला बाबांनी घडवलेल्या दाराला मीच छिन्नी लावली. आणि तू कुलपातून माझंच बोट काढलंस? तोंडावर सांगायचंस रे.

सेल बदललेत. जाताना दार नुसतं ओढून घेतेय. वीज नसली तरी ते बंदच राहतं. तसलंच निवडलं होतं मी.

ताई