डावी बाजू बारीक

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

तिसरी आयसी! एका महिन्यात तिसरी.

देवसिंग नाईकाच्या सेटमध्ये आज नवी डबल फोर-फोर-झिरो बसवली. चौदाही पाय नीट सोल्डर केले, पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आवळला, ट्रॅक्टरची बॅटरी जोडली — आणि पुन्हा तेच. उजवा बॉक्स खणखणीत, डावा बारीक.

एवढीशी चिप, पण पोटात दोन अ‍ॅम्प्लिफायर. एक डाव्या बॉक्सचा, एक उजव्याचा. बारा व्होल्टवर चालते म्हणून लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या भागात हिच्याशिवाय पान हलत नाही. अठरा वर्षांत शेकड्यांनी बसवल्या असतील. कधी एक बाजू अशी बसलेली आली नाही. आता ओळीने येत आहेत.

देवसिंग बाजूला उभा होता. म्हणाला, "भाऊ, मले त दोन्ही सारखेच वाजून राह्यले." मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. लगेच म्हणाला, "नाई, तुमचा कान तो तुमचा कान. आमाले काय समजते!"

सेट ठेवून घेतला. फेब्रुवारीत सेवालाल जयंती आहे, तोवर पाहिजे म्हणतो. बंजाऱ्यांच्या अख्ख्या तांड्याने मिळून घेतलेला सेट आहे. यंदा तांड्यावर लग्न एकही ठरलेलं नाही, कापसाने सगळ्यांचीच माती केली. जयंती तेवढी वाजत-गाजत झाली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आणि ते काम माझ्याकडे.

७ नोव्हेंबर

थिनरमध्ये कापूस बुडवून आयसीची पाठ घासली. नकली माल असा ओळखतात — जुना नंबर खरवडून वर नवा छापलेला असतो, थिनर लागला की अक्षरं कापसावर उतरतात. कापूस पांढराच राहिला. अक्षरं जशीच्या तशी.

म्हणजे माल खरा? मग माझा कान खोटा का?

आता छपाईच पक्की करत असतील लेकाचे.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

यवतमाळला जाऊन आलो. पुंडलिकरावच्या दुकानात. सगळ्या आयसी त्याच्याचकडच्या.

पुंडलिकराव आणि मी रेडिओ मेकॅनिकचा कोर्स एका बाकावर बसून केला. एकोणऐंशी साल. खोलीही एकच होती. आमच्या वस्तीतलं पाणी प्यायला तोंड वाकडं करणारे तेव्हा वर्गात पुष्कळ होते. हा माझ्या डब्यातली भाकर न विचारता खायचा. पुढे मी सहा वर्षं जिनात काढली, सरकी काढायच्या खडखडणाऱ्या मशीनला डावा खांदा लावून. दुकान टाकायची हिंमत झाली ती याच्यामुळे. पहिला माल यानेच उचलून दिला.

आज त्याने सगळं ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर चढवून आयसी उलटसुलट पाहिली. आणि काय विचारावं? "बाबाराव, तारा फिरवून पाह्यल्या काय?"

तारा फिरवून! डाव्याची तार उजव्याला, उजव्याची डाव्याला, आणि बघायचं बारीकपणा कुठे जातो. ही पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट. मला! कळंब ते राळेगाव लोक नुसतं माझ्या कानावर सेट सोडून जातात. इनपुटला पेचकस टेकवायचा, बॉक्समधून घूं आवाज येतो, डावीकडे वाकून डाव्या बॉक्सला कान लावायचा, उजवीकडे वाकून उजव्या. झालं. मला मीटर लागत नाही, तारा फिरवाव्या लागत नाहीत.

म्हटलं, "पुंडलिक, तू मले शिकवून राह्यला काय?"

हसला. दुसऱ्या खोक्यातल्या दोन दिल्या, चहा पाजला. हसला ते मला आवडलं नाही.

१५ नोव्हेंबर

दोन्ही बसवल्या. दोन्ही तशाच. काढता-घालता बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडली. देवसिंगच्या सेटचं मी मातेरं करून ठेवलं!

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकातल्या एसटीडीतून पुंडलिकरावला फोन केला. लाईनही अशी की आवाज विहिरीतून आल्यासारखा. सरळ विचारलं, "माल खरा आहे की खोटा, एवढं सांग."

गप्प.

पुन्हा विचारलं. गप्प. तिसऱ्यांदा ओरडूनच विचारलं, बूथवाला बाहेरून काचेतून पाहायला लागला. तिकडून एक शब्द नाही. थोडी खरखर, बस. मी रिसीव्हर आपटला.

सत्तावीस वर्षांची दोस्ती. नाही म्हणायलाही तोंड उघडलं नाही त्याने! खोटं बोलला असता तरी चाललं असतं. चालवून घेतलं असतं मी.

घरी येऊन जेवलो नाही.

६ डिसेंबर

विहारात अभिवादनाला गेलो. भंतेजी हल्ली फार हळू बोलतात. वय झालं त्यांचं.

२० डिसेंबर, बुधवार

मागच्या आठवड्यात वणीहून धावजी आला होता. तोही आमच्याच धंद्यातला, खाणीवरच्या लोकांचे सेट दुरुस्त करतो. त्याला सगळं सांगितलं. "बाबारावभाऊ, तुमी म्हणता म्हणजे असनच," एवढंच म्हणाला. त्याने पुढे राळेगाववाल्यांना सांगितलं, त्यांनी पांढरकवड्याला. आज एकाने मला रस्त्यात थांबवून विचारलं, "यवतमाळचा माल बंद करावा म्हंता काय?" मी म्हटलं, करावा.

खरं ते सांगितलं. गरीब लोकांच्या सेटमध्ये नकली चिप जावी आणि मी गप्प बसावं?

तरी आतून काहीतरी कुरतडतं आहे. कबूल करतो.

१ जानेवारी २००७

दरवर्षी कृषी केंद्रवाला बियाण्याच्या कंपनीची डायरी देतो. यंदा वाटल्याच नाहीत. म्हणाला, "कोनाले वाटू? गिऱ्हाईक कुठं आहे?" खरंच आहे. मागच्याच डायरीची कोरी पानं शोधून लिहितो आहे. तारखा खोडून.

दुकानात दुरुस्त होऊन पडलेले रेडिओ आहेत, टेप आहेत. न्यायला कोणी येत नाही. टीव्ही तर लोक विकायला आणतात. मी काय करू त्यांचं?

१९ जानेवारी, शुक्रवार

मथुरा चिडली आहे. घराचं दार दुकानाच्या डाव्या हाताला, तिथे उभी राहून म्हणे तीनदा हाक मारली. "तीनदा आवाज देल्ला जी! भितीशी बोलून राह्यली काय मी?" मी म्हटलं, कामात होतो. "काम कुठं हाये? हात त रिकामेच व्हते!"

दिवसभर लोकांच्या वावरात कापूस वेचून येते, बोटं फुटली आहेत तिची. बायकोचं चुकत नाही. पण मला ऐकूच येईनासं पुटपुटते आणि वर मलाच बोलते. या घरात आता सगळेच पुटपुटतात.

मी कोणाला काय सांगू की टेबलापाशी बसलो की हात उचलत नाही. सेट चालू केला की मला आधीच माहीत असतं, डावा बारीक असणार. तसाच असतो. वरोऱ्याहून मागवलेल्या आयसीचंही तेच! सगळ्या बाजारात नकलीच माल आला आहे. खरं काही उरलंच नाही कुठे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

देवसिंग सेट घेऊन गेला. उखडलेल्या पट्टीच्या जागी तार टाकून मी बोर्ड चालू करून ठेवला होता. हात जोडून म्हटलं, नाईक, अजून आठ दिवस द्या, एक चांगली आयसी मिळू द्या.

म्हणाला, "भाऊ, परवा जयंती हाये. आमाले वाजवाचं हाये, तपासाचं नाई."

सोबत त्याची अंजू होती, लेक. तिने दोन्ही बॉक्सांसमोर उभं राहून ऐकलं आणि बापाला त्यांच्या गोरबोलीत काहीतरी म्हणाली. देवसिंग खाली पाहत राहिला. मी विचारलं, काय म्हणते? "काई नाई भाऊ. लेकरू हाये."

मला समजलं. दोन्ही सारखे वाजतात असंच म्हणाली असणार. उपकार केल्यासारखे सगळे बोलतात!

१६ फेब्रुवारी

एकही गिऱ्हाईक नाही. काल तांड्यावर जयंती झाली. कोणी बोलवायला आलं नाही. दरवर्षी येत.

२ मार्च, शुक्रवार

धावजी सकाळीच आला. खुर्चीवर बसला नाही. उभ्याउभ्याच सांगितलं — पुंडलिकराव गेला.

बावीस तारखेला. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. दुकान तर जानेवारीतच बंद झालं होतं म्हणे. आमच्या धंद्यातलं कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हतं. मालाची खोकी घरी नेऊन ठेवली होती आणि त्यातली एकेक आयसी काढून तपासत बसायचा.

मला कोणी कळवलं नाही. का कळवतील? मातीला गेलो नाही मी त्याच्या.

रडू आलं नाही. धावजीसमोर तोंड दाखवायची लाज वाटली तेवढी. मग म्हटलं, लाज कसली? मी खोटं बोललो नाही. खोटं बोललो नाही मी!

४ मार्च

होळी झाली. यंदा तांड्यावरून लेंगीची गाणी ऐकू आली नाहीत. वारा उलटा असेल.

६ मार्च, मंगळवार

तेरवीला गेलो. मथुरा म्हणाली, "जा जी. नाई गेले त जन्मभर जळसान." गेलो.

पंगती चालू होत्या. मी भिंतीला लागून उभा. पुंडलिकरावच्या बायकोने, हंसावहिनींनी पाहिलं, आतून एक पत्र्याचा डबा आणला. बिस्किटांचा जुना डबा. म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमच्यासाठी ठिवलं व्हतं त्याईनं."

उघडला. आत डबल फोर-फोर-झिरो, वर्तमानपत्राच्या कागदात एकेक वेगळी गुंडाळलेली. प्रत्येक कागदावर त्याचं बारीक अक्षर — डावा ठीक, उजवा ठीक. डावा ठीक, उजवा ठीक. सगळ्यांवर. दुकान बंद झाल्यावर घरी बसून हेच करत होता तो.

हंसावहिनी म्हणाल्या, "तुमाले सांगाले सांगतलं व्हतं. बाबारावले म्हनजो, तारा फिरवून पाह्य." आणि डोळे पुसून, "माल खरा हाये, तारा फिरवून पाह्य, असं फोनवर दोनदा सांगतलं म्हने तुमाले. तुमी फोन ठिवून देल्ला."

फोनवर तो एक शब्द बोलला नव्हता. पण मेलेल्या माणसाच्या बायकोशी तेरवीच्या दिवशी कोण वाद घालतो? मान हलवली. डबा घेऊन एसटीत बसलो.

मरतानाही मला शिकवून गेला. बरं, फिरवतो तारा. एकदाच. त्याच्यासाठी.

९ मार्च, शुक्रवार

डब्यातली एक बसवली. डावा बारीक. तारा फिरवल्या. तरी डावाच बारीक.

मग खुर्ची उलटी फिरवून बॉक्सांकडे पाठ करून बसलो. उजवा बारीक झाला.

बॉक्स तेच. तारा त्याच. फक्त मी फिरलो होतो.

एसटीडीत त्या दिवशी मी रिसीव्हर डाव्या कानाला धरला होता. नेहमी त्याच कानाला धरतो.