उलट्या आट्याचा व्हॉल्व्ह

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०.२०
नवी इंजिनिअर हजर झाली. वय सव्वीस. पाणी खात्याच्या नकाशा विभागात माझी चौतीस वर्षं झाली, म्हणजे मी लागलो तेव्हा ही बाई जन्माला यायला आठ वर्षं होती. हातात टॅबलेट. आल्या आल्या म्हणाली, काका, तुमच्याकडून खूप शिकायचंय.
काका! अख्ख्या स्टाफसमोर! मी हिच्या बापाचा भाऊ आहे काय? मनातल्या मनात नाव ठेवून टाकलं, टॅबलेटबाई.
संकल्प : मन मोठं ठेवायचं. गोड बोलायचं.

दुपारी ४.००
बोललो नाही. सुरुवात तिने करायला हवी होती.

५ ऑगस्ट, बुधवार
या ३१ ला रिटायर. दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज साहेबांकडे आहे. बायकोला सांगून टाकलंय, मिळाल्यात जमा. माझ्याशिवाय हे खातं एक दिवस चालायचं नाही.
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, जुने व्हॉल्व्ह कुठे आहेत आणि कसे चालतात ते नकाशात नाही, तुमच्या डोक्यात आहे. ते तिच्या टॅबलेटमध्ये उतरवायचं. मुदतवाढ त्या कामापुरती, दोघांनी जोडीने करायची. तिचंही लेखी मत घेईन.
माझ्या मुदतवाढीबद्दल तिचं मत! मी हसलो. साहेब हसले नाहीत.

७ ऑगस्ट, शुक्रवार
‘पिढ्यांमधला सुसंवाद’ या विषयावर कार्यशाळा. एक तरुण, एक ज्येष्ठ अशा जोड्या. नशीब बघा, माझ्यासमोर तीच. समोरच्याचा एक गुण सांगा म्हणे. मी म्हणालो, हिचं अक्षर चांगलं आहे. (खरं तर ती काचेवर बोटं फिरवते, अक्षर बघितलंय कुणी?) तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, हे वेळेवर जेवतात.
सगळा हॉल हसला. मीही हसलो. खिलाडूपणा माझ्या रक्तातच आहे. नंतर सुटेपर्यंत कुणाशी बोललो नाही.

१० ऑगस्ट, सोमवार
आज स्पष्ट सांगितलं, काका म्हणायचं नाही, सर म्हणायचं. ती म्हणाली, चालेल सर, मग तुम्हीही मला ‘ए’ करून हाक मारू नका, अहो-जाहो करा. मी म्हटलं, माझी धाकटी मुलगी तुझ्यापेक्षा मोठी आहे. ती म्हणाली, मग मी काका म्हटलं तर काय बिघडलं?
यावर सडेतोड उत्तर सुचलं, पण तोवर ती जिना उतरून गेली होती. घरी येऊन बायकोला ऐकवलं. बायको म्हणाली, पोरीचं बरोबर आहे. बायकोशी अबोला.

११ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ७.००
अबोला मागे घेतला. चहा हवा होता.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
टॅबलेटबाई यादी घेऊन समोर बसली. सोळा नंबरचा व्हॉल्व्ह कुठे? मी म्हणालो, शोधलं की सापडतं, आम्हाला कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं. ती उठली ती थेट फिटरला घेऊन बाहेर. दिवसभर भर उन्हात फिरून अकरा व्हॉल्व्ह शोधून आली. सोळासुद्धा. नाक सोललं होतं.
हे माझंच मार्गदर्शन, अप्रत्यक्ष. तिने आभार मानले नाहीत.

१९ ऑगस्ट, बुधवार. सायंकाळी ६.३०
आजचा दिवस माझा!
शाळेजवळ मोठी लाइन फुटली. सगळे धावले. पाणी बंद करायचं तर सोळा नंबर फिरवायचा. आता गंमत अशी, की गावातले बहुतेक व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात. सोळाचे आटे उलटे. तो डावीकडे बंद होतो. हे आता फक्त मला माहीत. फिटरलाही नाही.
ती रस्त्यावर गुडघे टेकून बसली, चावी लावली आणि तिने आणि फिटरने जोर लावून फिरवला उजवीकडे. मी स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर, हात मागे बांधून. पाणी दुप्पट उसळलं. दुकानात शिरलं. वह्यांचे गठ्ठे तरंगायला लागले. लोक तिच्यावर तुटून पडले. दुकानदार ओरडला, कुणी ठेवलं हिला कामावर!
मग मी गेलो. शांतपणे. डावीकडे फिरवला. पाणी बंद.
ती नखशिखान्त भिजलेली. विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मी म्हणालो, तू विचारलं नाहीस. तिने चावी उचलली आणि चालू लागली. सर नाही, काका नाही.
बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती कपडे वाळत घालत राहिली. कौतुकाला शब्द सुचले नसावेत.

२० ऑगस्ट, गुरुवार
लोखंड गरम आहे. साहेबांना पत्र दिलं : ‘सदर कर्मचारी उर्मट व अननुभवी असून तिच्यासोबत काम करणे मला सहन होण्यासारखे नाही. तरी तिची बदली करावी, अथवा मला या कामातून मुक्त करावे.’
‘अथवा’पासून पुढचं नुसतं वजन यावं म्हणून. काल जे घडलं ते बघून साहेब काय निवडणार ते उघड आहे.

२४ ऑगस्ट, सोमवार
साहेबांकडून काही नाही. चांगलं लक्षण. टॅबलेटबाई मान वर करत नाही. बदलीची कुणकुण लागली असणार. तिला निरोप देताना दोन शब्द बोलेन, अनुभवाबद्दल.

२८ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी १२.१५
साहेबांनी बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक माझा. दुसरा तिचा, तारीख तीच, २०. वाचायला दिला.
‘यांचा स्वभाव तिरसट आहे. काल यांनी जाणूनबुजून मला भर रस्त्यात तोंडघशी पाडलं. ते मी विसरणार नाही. पण असे उलटे व्हॉल्व्ह आणखी किती आहेत हे फक्त त्यांनाच माहीत आहे. म्हणून मुदतवाढ द्यावी. माणूस मला आवडत नाही. पण सहन करीन.’
साहेब म्हणाले, तिला सहन होतंय. तुम्हाला होत नाही, तसं तुम्हीच लिहून दिलंय. तिची बदली शक्य नाही. तुमची दुसरी विनंती मान्य केली.
मी म्हणालो, ते आपलं लिहायचं म्हणून लिहिलं होतं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.
बायकोला अजून सांगितलेलं नाही.

३१ ऑगस्ट, सोमवार. सायंकाळी ५.००
सकाळी स्वतःहून तिच्या टेबलाशी गेलो. उलटे आणखी सात आहेत म्हणालो. तिने ‘बसा’ म्हटलं नाही, मीच खुर्ची ओढली. मी सांगत गेलो, ती बोटाने टिपत गेली. उलटे झाले, मग सुलटे झाले, मग डांबराखाली गाडले गेलेले झाले.
घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं झाली होती.
आणखी काही आहे का, तिने विचारलं. मी बराच वेळ आठवून पाहिलं. नाही म्हणालो.