लांडगा उठला नाही

प्रिय आक्का,

संध्याकाळी दाजी निपाणीहून तुझ्या ओवीला भेटायला येतील. त्यांना काय सांगू, कसं सांगू? म्हणून आधी तुला लिहिते.

दुपारी ओवीने हट्टाने तो लांडग्याचा सिनेमा लावायला लावला. आप्पांनी सीडी आणली होती तोच, ऐंशीच्या दशकातला इंग्रजी. पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो, आणि लांडग्याच्या पाठीवर चेन! अजून तशीच दिसते गं. "वडगावच्या शिंप्यानं घाईत शिवलाय," म्हणायचीस तू. ओवीला ते पाठ आहे. तू गेल्यापासून इतकी हसली नव्हती ती. मीही हसले, पण रिमोट जवळ ओढून ठेवला. शेवट जवळ येत होता ना!

शेवटी लांडग्याला गोळी लागते. लहानपणी मी रडायला लागले, तेव्हा तू म्हणालीस, "मेला न्हाय गं, बेशुद्ध हाय. आता फॉरेस्टवाले येतील आणि कणकुंबीच्या रानात सोडतील." आपल्याला इंग्रजी कुठे येत होतं? मला ते कितीतरी वर्षं खरं वाटलं. ओवीलाही तू तेच सांगितलंस. का गं? खोटं बोलू नये, हे मला शिकवणारी तूच ना!

आणि तू गेल्यावर आम्ही तरी काय केलं? सहा वर्षांच्या पोरीला सांगितलं, "आई मिरजेला दवाखान्यात हाय, बरी झाली की येणार." दाजींनी सगळ्यांना शपथ घातली. मी मान हलवली. तेव्हापासून ओवीच्या डोळ्यांत बघायची भीती वाटते.

गोळी सुटली तशी मी रिमोट उचलला.

"थांब की गं मावशी! आता फॉरेस्टवाले येतात."

कुणी आलं नाही. पडद्यावर नावं सरकू लागली.

"उठंना का त्यो?"

बेशुद्ध आहे, असं अगदी तोंडावर आलं होतं माझ्या. पण म्हणाले, "मेला, ओवी."

"परत येणार न्हाय?"

"न्हाय."

टीव्हीकडे बघतच ती हळूच म्हणाली, "आईपण?"

आक्का, मी "व्हय" म्हणाले. शपथ मोडली. मी चुकले का गं? तू असतीस तर काय म्हणाली असतीस?

वाटलं, आता आकांत करेल. पण ती माझ्याजवळ सरकली आणि कानात म्हणाली, "मला म्हाईत हाय. बाबांना सांगू नको हं. त्यांना वाटतंय, ती येणार हाय."

केवढीशी पोर ती! आणि आपल्या बापाला सांभाळत बसली होती, एकटीच. आम्हाला कुणाला कसं दिसलं नाही?

दाजी रागावतील. कदाचित ओवीला इथून घेऊनही जातील, त्याचीच मला धास्ती आहे. तरी आज तिला मांडीवर घेऊनच मी त्यांना सगळं सांगणार आहे. तुझ्यासाठी तिला यापुढे चोरून रडावं लागणार नाही, आक्का. हा माझा शब्द.

तुझी धाकटी,
पल्लवी